दोन क्लिपा

लेकाने हौसेने गाडीला टर्बो बसवला होता आणि उद्या त्याची शर्यत होती. नेमका आजच इंजिनाचा दिवा लागला, म्हणून आईला कामावर सोडता सोडता तो गॅरेजवर थांबला.

मेकॅनिकने हवेचा पाइप चाचपला. "ही क्लिप सैल आहे. जास्तीची हवा शिरतेय, पेट्रोल कमी पडतंय. असाच सुसाट गेला असतास तर पिस्टन वितळून इंजिन जागीच जॅम झालं असतं, आणि तू गाडीसकट उलटला असतास."

आई गाडीतून खाली उतरली. मेकॅनिकने क्लिप आवळली, दिवा घालवला. लेकाने हसत गाडी सुरू केली.



आई गाडीपुढे आडवी उभी राहिली. "उतर आधी. मला वाटलं, नुसती बंद पडेल. मी दोन सैल केल्या होत्या."