योद्धा उभा कसा राहतो

"अजून आवळ," रोसमेरी म्हणाली. "एवढ्या सैल दोरीतून कैदी हसत हसत निघून जाईल. मग लिमाचे लोक पुन्हा तुझं चित्र परत पाठवतील."

दिल्मेरने दोरी आवळली. रोसमेरी, त्याची बायको, गुडघे टेकून जमिनीवर बसली होती. हात पाठीमागे बांधलेले, दोरीचं दुसरं टोक खोलीच्या मधल्या लाकडी खांबाला. राजधानी लिमातली एक कंपनी मोबाइलवरचा लढाईचा खेळ काढत होती आणि त्यातला योद्धा दिल्मेर रंगवत होता. दिल्मेर-रोसमेरीच्या वांचाको या समुद्रकाठच्या गावाजवळ जमिनीतून मोचे या प्राचीन लोकांची मडकी निघतात, त्यांच्यावर असे योद्धे ओळीने चालताना दिसतात. डोक्यावर चंद्रकोरीसारखा तुरा, खांद्यावर गदा आणि पुढ्यात नागवे करून दोरीने बांधलेले शत्रू. तुरा, गदा, ढाल, सगळं दिल्मेरने तिथूनच घेतलं होतं. तरी कंपनीचं उत्तर एकच यायचं: याची भीती वाटत नाही.

"मडकी बघून काढतोस, म्हणून तसं होतं. जिवंत माणूस बघून काढ," असं रोसमेरीच म्हणाली होती. "मी बनते कैदी."

फोटो आपोआप निघावा म्हणून त्याने मोबाइल फळीवर लावून ठेवला. पुठ्ठ्याचा तुरा डोक्यावर चढवला, झाडूच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून केलेली गदा उचलली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"छाती काढ पुढे," ती खालून म्हणाली. "योद्धा आहेस की पावाच्या रांगेत उभा आहेस?"

तो हसला. त्याने पाय फाकवले, गदा उगारली.

तेवढ्यात गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा आवाज आला. पेल्यातले कुंचले किणकिणले. त्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला हे कळायला क्षणही लागत नाही. कच्च्या विटांच्या भिंतीतून माती झरू लागली, छपराचे बांबू करकरले.

"दिल्मेर," रोसमेरी म्हणाली. ओरडली नाही.

दार जवळ होतं. खांबही तितकाच जवळ होता. तो दाराशी पोचला तेव्हा त्याला कळलं की आपण दाराकडे आलो आहोत. उंबऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं. ती हात हिसकत होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. दोघांची नजर भिडली. चौकटीवरून विटेएवढं ढेकूळ त्याच्या पायाशी पडून फुटलं.

तो पळाला.

गल्लीच्या मधोमध, भिंती आणि तारांपासून लांब, शेजारीपाजारी गोळा झाले होते. जमीन होडीसारखी डुलत होती. कुणी मोठमोठ्याने देवाच्या आईचा धावा करत होतं. दिल्मेर गदा छातीशी कवटाळून उभा राहिला. मग जमीन थांबली. गदा त्याने तशीच धरून ठेवली.

शेजारची म्हातारी, सगळे जिला मानाने दोन्या फिलो म्हणत, मासे साफ करता करता तशीच धावत आली होती. हातात सुरी, ॲप्रनवर खवले.

"डोक्यावर काय घातलंयस हे?" तिने विचारलं, आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं. "रोसमेरी कुठाय?"

"आत."

"आत म्हणजे? येत का नाही बाहेर?"

"बांधलीय," दिल्मेर म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याच्या घराकडे निघाली.

"थांबा, मी जातो," तो म्हणाला आणि तिच्या पुढे झाला. दाराच्या वर भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. तिच्याखालून जायचं होतं. भिंतीला हात टेकत, डोळे जवळजवळ मिटूनच तो आत शिरला.

आत धुळीमुळे काही दिसत नव्हतं. फळी कोसळली होती. छपराची एक बाजू खाली लोंबत होती.

"रोसमेरी?"

खोकला ऐकू आला. ती खांबाला चिकटून, अंगाचं मुटकुळं करून बसली होती. केस धुळीने पांढरे झाले होते, मनगटं सोलवटून निघाली होती. तो गाठीशी झटू लागला. गाठ त्याने स्वतःच मारली होती, पण आता बोटं ऐकेनात.

"सर बाजूला," मागून दोन्या फिलो म्हणाली आणि तिने सुरीने दोरी कापली.

गल्लीत आणून रोसमेरीला पालथ्या पाटीवर बसवलं. कुणीतरी पाणी आणलं. बायका तिच्याभोवती जमल्या. दिल्मेर अगदी तिच्या शेजारी, पण थोडा मागे उभा राहिला. तुरा त्याने केव्हाच काढून टाकला होता.

"असा कसा रे विसरलास तू बायकोला?" दोन्या फिलोने विचारलं. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

दिल्मेरने तोंड उघडलं. त्याच्या आधी रोसमेरी बोलली.

"घाबरला होता," ती म्हणाली. ती मनगटांवर पाणी ओतून घेत होती. वर बघत नव्हती. "माणूस घाबरला की काही आठवत नाही."

"हो," दिल्मेर म्हणाला. "आठवलंच नाही मला."

"होतं असं," कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात पुन्हा जमीन हलली. फार जोरात नाही, पण सगळे किंचाळले आणि ज्याला जे जवळ सापडलं त्याने त्याला धरलं. दिल्मेरने बायकोकडे दोन्ही हात पुढे केले.

रोसमेरीने डोळे गच्च मिटले होते. तिने दोन्या फिलोच्या कमरेला मिठी घातली होती, माशांच्या खवल्यांत तोंड खुपसलं होतं. हादरा थांबला, लोक हसूबोलू लागले, तरी तिने मिठी सोडली नाही.