डावी पाकळी

पुणे की बेंगळुरू? दोन्ही विद्यापीठं खाजगी, दोन्हींचा नावलौकिक सारखाच, अभ्यासक्रमही तोच. घरात महिनाभर वाद घालून थकल्यावर बाबांनी मला आणि आत्याला कोरगावच्या देवळात कौल लावायला नेलं. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. “उजवी पडली तर पुणे, डावी पडली तर बेंगळुरू, म्हाराजा,” त्याने गाऱ्हाणं घातलं. आत्याचे डोळे डाव्या पाकळीवरून हलेनात. तिच्या बारावीनंतर आजोबांनी लेकीसाठी इथेच विचारलं होतं, “उजवी पडली तर चेडू कॉलेजात, डावी पडली तर घरात.” डावी पडली होती. एकदम तिने माझा दंड घट्ट धरला. “अगो, उजवी काय नि डावी काय, खयचीय पडांदे, तू जातलंस!” ती एवढ्या मोठ्याने हसली, की गुरवही दचकला. तेवढ्यात डावी पडली. बेंगळुरू! गुरवाने ती माझ्या ओंजळीत ठेवली. मी ती तिथेच आत्याच्या अंबाड्यात खोवली.