शून्य कंपन

“दामिनी, आधी कूलर लाव! पाहुण्यांले घाम फुटून राहिला.” विश्वनाथ सर मंचावरून ओरडले.

“पण सर, मग ते...”

“पण-बिण मागून. भैयाजी तापले तर सगळंच बोंबललं.”

दामिनी भिंतीपाशी वाकली. क्षणात तो अगडबंब लोखंडी कूलर घरघरायला लागला. तो इतका जुना होता, की त्याच्यासोबत हॉलची फरशीही थरथरायची. हॉलचा एसी कधीच बंद पडला होता आणि बाहेर मे महिन्यातलं नागपूर होतं.

विश्वनाथ सर म्हणजे कॉलेजातले कंपनतज्ज्ञ. आज त्यांच्या रबर आणि जेलच्या गादीचा दिवस होता. ही गादी रुग्णवाहिकेत स्ट्रेचरखाली घातली की रस्त्याचे दणके रुग्णापर्यंत पोचत नाहीत, असं त्यांचं संगणकावरचं मॉडेल सांगत होतं. किती दणका गादीत जिरेल आणि किती वर जाईल, याची समीकरणं सरांची होती. म्हणजे त्यांच्यावर नाव सरांचं होतं. सोडवली होती ती त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या दामिनीने.

आणि त्यातली गोमही तिलाच ठाऊक होती. मॉडेलमधले रबर-जेलचे सगळे आकडे एसी प्रयोगशाळेतले होते. उन्हाळ्यात जेल सैल पडतं. मग गादी दणका जिरवत नाही, उलट झोके घ्यायला लागते, आणि वरचा माणूस गादी नसताना हलला असता त्याहून जास्त हलतो. हे तिने सरांना दोनदा सांगून पाहिलं.

“मॉडेल चुकत नाही,” सर म्हणाले होते. “हवामान चुकतं.”

प्रबंधावर सरांची सही व्हायची होती, म्हणून ती गप्प बसली. पण ते तिला फार जड जात होतं. तिच्या बाबांचं, देवरावांचं, मांडीचं हाड मोडलं तेव्हा उमरेडहून नागपूरपर्यंत तीच त्यांच्या उशाशी बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते. त्या ओरडण्यापायीच तिने हा विषय घेतला होता.

मंचासमोर स्ट्रेचर मांडलं होतं. त्याच्याखाली गादी, आणि गादीखाली खड्ड्यांसारखे दणके देणारी मशीन. भैयाजी लकडगंजातले बडे व्यापारी आणि एका रुग्णालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांनी मान हलवली की ट्रस्टच्या सगळ्या रुग्णवाहिकांत उद्यापासून ह्याच गाद्या बसणार होत्या.

“मीच झोपतो गा त्याच्यावर,” भैयाजी म्हणाले. “दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या.” चपला काढून, धोतर सावरून ते स्ट्रेचरवर आडवे झाले. फोटो निघाले.

स्ट्रेचरवर कंपन मोजणारा सेन्सर होता; तसाच दुसरा दामिनी खाली मशीनवर बसवायला गेली. सरांनी तिला अडवलं. “वरचा एकच पुरे. पडद्यावर दोन रेघा पाहून लोकं गोंधळतात. चल, सुरू कर.”

“सर, एक मिनिट, मशीनची...”

“सुरू कर म्हटलं ना! काहून सगळ्यांसमोर माझी शोभा करून राहिली?”

तिने मशीनचं बटण दाबलं.

हॉलभर घरघर भरली होती. फरशी थरथरत होती. पडद्यावरची रेघ मात्र अगदी सरळ होती. मॉडेलने निदान थोडी तरी वळवळ सांगितली होती. इथे तीही नव्हती.

“पाहा! वास्तव माझ्या मॉडेलच्याही पुढे गेलं!” सर माईकवर गरजले. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. एकाने वाकून फरशीला हात लावला आणि ‘काय दणके आहेत हो’ म्हणाला. शेजाऱ्याने लगेच त्याची री ओढली.

“कसं वाटून राहिलं, भैयाजी?”

“अरे, का सांगू तुम्हाले!” भैयाजींनी समाधानाने डोळे मिटले. “खाली मशीन नुसती धडधड करून राहिली. मले समजते ना इथं पडल्यापडल्या! पण वर? वर तर मायच्या मांडीवर झोपल्यावानी. एक झटका बी नाही. बसवून टाका उद्याच, साऱ्या गाड्यांमधी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या गळ्यात हार पडला आणि डोळ्यांत पाणी आलं.

“शून्य कंपन!” ते म्हणाले. “उन्हाळ्यात ही गादी काम करणार नाही, असं काही हुशार लोकं म्हणत होते. त्यांनी आता डोळे उघडून पाहावं.” त्यांनी दामिनीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

दामिनीला संताप आला. सहीचा विचार मनात येऊन गेला. पण उद्या याच गादीवर उमरेडहून कुणाचे तरी बाबा निघणार होते.

“सर, आता बोलू?”

“बोल की!” सर आज उदार झाले होते.

ती भिंतीपाशी गेली आणि तिने कूलरची पिन उपटली. घरघर थांबली. फरशी थांबली. हॉलमध्ये कसलाच आवाज उरला नाही. भैयाजींनी डोळे उघडले.

“या भिंतीला सॉकेट एकच आहे, सर,” दामिनी म्हणाली आणि तिने खाली पडलेली मशीनची पिन उचलली. “भैयाजी, उठू नका. मशीन आता सुरू होते.”