फुंकर

मेकॅनिकने ग्राफिक्स कार्ड उजेडात धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पंख्यात धूळ इतकी घट्ट बसली होती की बोटाने ढकलूनही पातं हललं नाही.

"ताई, हा पंखा वर्षभर तरी फिरलेला नाही. एव्हाना कार्डाचा कोळसा व्हायला हवा होता."

तिचा विश्वास बसेना. वर्षभर याच कॉम्प्युटरवर राबून तिने एकटीने अख्खी कार्टून फिल्म पूर्ण केली होती. त्या फिल्मच्या पैशांतच आईचं ऑपरेशन झालं होतं. कॉम्प्युटरने एकदाही मान टाकली नव्हती, आणि कधीही हात लावा, गारच लागायचा.

"नशीब तुमचं," म्हणत त्याने जुना पंखा काढून नवा बसवला.

तिला एकदम भरून आलं. "ज्याने कुणी सांभाळून घेतलं, त्याचे उपकार," असं पुटपुटत ती चहा टाकायला आत गेली.

चहा गाळताना बाहेरून नव्या पंख्याची घरघर ऐकू आली. मागोमाग मेकॅनिक "स्स" करून कळवळला. तापलेल्या कार्डाला त्याचं बोट लागलं असावं.

दोन्ही हातांत कप घेऊन ती दाराशी आली. मेकॅनिकचं डोकं टेबलाखाली होतं आणि भाजलेला हात त्याने मागे, बाहेर धरला होता.

"राहू द्या ताई," तो मान न वळवता म्हणाला. "तुम्ही फुंकर घातलीत आणि आग थांबलीसुद्धा."

टेबलाशी दुसरं कुणीच नव्हतं.

ती क्षणभर उंबऱ्यावरच थबकली. मग आवाज न करता मागे वळली आणि तिसरा कप भरायला घेतला.