बाजूने बघताना

दुकानात गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेली दोन लांबट स्टुलं थोरलीने भिंतीकडे ओढली, एकमेकांना जोडली आणि त्यांवर डाव्या कुशीवर चक्क आडवी झाली. पाय बाहेर लोंबकळत होते. समोर लावलेले दोन्ही टीव्ही आता तिला तिरपे दिसत होते.

"ताई, ऊठ ना. लोक बघतायत," धाकटा भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत की."

खच्चून भरलेल्या बसमध्ये दिवसभर तिकिटं फाडणाऱ्या बाईला चार लोकांच्या नजरेचं काय एवढं.

घरचा जुना टीव्ही बदलायचं ठरलंच होतं, आणि धाकट्याने घरून निघतानाच मोठा टीव्ही घ्यायचं मनाशी पक्कं केलं होतं. त्याच किमतीत शेजारी एक लहान टीव्ही होता, पण त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. "बँकेत मान मोडून घरी आल्यावर एखादा सिनेमा तरी धड बघू दे," असं त्याचं म्हणणं. "आणि अण्णांचं म्हणशील तर त्यांना आता टीव्ही काय नि भिंत काय, सारखंच."

हे वाक्य ती पुष्कळ दिवस ऐकत होती. मांडीचं हाड मोडून अण्णा खाटेला खिळले होते. जन्मभर शाळेतल्या पोरांना व्हॉलीबॉल शिकवलेला माणूस, पण आता सामना लागला की डोळे मिटून घ्यायचा. एकदा त्यांनी विचारलं होतं, "लिबेरो कुठाय?" लिबेरो म्हणजे फक्त बचाव करणारा खेळाडू. तो चटकन ओळखू यावा म्हणून त्याचा शर्टच वेगळ्या रंगाचा असतो. आणि तो तर पडद्याच्या मधोमध उभा होता. धाकट्याने बायकोकडे बघितलं, आणि तेव्हापासून घरात अण्णांबद्दल हळू आवाजात बोलणं सुरू झालं. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्था तो परस्पर बघूनही आला होता.

आज सकाळी धाकटा अण्णांना धरून बाथरूमला घेऊन गेला, तेव्हा थोरली त्यांची चादर बदलत होती. कंबर भरून आली म्हणून ती क्षणभर त्यांच्याच जागेवर टेकली आणि कुशीवर वळली. टीव्हीवर कालचा सामना परत दाखवत होते. पडदा विटलेल्या कापडासारखा फिका. लाल शर्ट कुठला, निळा कुठला, काही उमगेना. ती उठली ती भावाला घेऊन थेट दुकानातच आली.

"मॅडम, समोरून बघा ना," विक्रेता म्हणाला. "मोठ्यात काळा रंग कसा गडद दिसतो. खोलीत अंधार करून सिनेमा बघायला याच्यासारखा नाही."

"माझ्या वडिलांना समोरून बघता येत नाही. ते असे झोपलेले असतात."

"मग खाट फिरवून घ्यायची."

"खाट फिरवली तर दार उघडत नाही. टीव्ही हलवावा तर दुसऱ्या भिंतीला खिडकी."

विक्रेत्याने डोकं खाजवलं. मग तो तिच्या स्टुलांजवळ येऊन वाकला, मान तिरकी करून एकदा मोठ्याकडे बघितलं, एकदा लहानाकडे.

"बाजूने मोठा मार खातो," तो सरळ म्हणाला. "लहानाचं तसं नाही. अंधारात याचा काळा थोडा राखाडी वाटेल, पण रंग कुठूनही बघा, हलणार नाहीत."

थोरली उठून उभी राहिली. "आता तू झोप," ती भावाला म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

"झोप म्हणते ना."

धाकटा आडवा काही झाला नाही. इकडेतिकडे बघत तो स्टुलाशेजारी उकिडवा बसला आणि डोकं त्यावर टेकवलं, अण्णा उशीवर टेकवायचे तसं. मोठ्या टीव्हीवर कुठलीशी शर्यत चालली होती. पळणारे सगळेच्या सगळे एका रंगाचे, राखेत लोळून आल्यासारखे. त्याने डोकं वर उचललं, पुन्हा टेकवलं.

"एवढे दिवस त्यांना हे असं दिसत होतं?" त्याने विचारलं.

थोरलीने त्याला उठायला हात दिला.

"लहान बांधून द्या," धाकटा उठता उठता विक्रेत्याला म्हणाला.

संध्याकाळी नव्या टीव्हीवर सामना लागला. अण्णांनी सवयीने डोळे मिटले होते. शिट्टी वाजली तसे त्यांनी ते उघडले, आणि मग मिटलेच नाहीत. हात पांघरुणाबाहेर आला, बोटं ताठ झाली. थोरली पायथ्याशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, सामन्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"तो नऊ नंबर दमलाय," अण्णा म्हणाले. "गुडघा वाकत नाहीये त्याचा. आता सर्व्हिस त्याच्यावरच टाकतील."

सर्व्हिस नऊ नंबरवरच आली. त्याच्या हाताला लागून चेंडू भलतीकडे गेला.

"पुन्हा त्याच्यावरच. सोडणार नाहीत त्याला. आमच्या पोरांनीही सोडला नसता."

पुन्हा त्याच्यावरच आली. थोरली मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. स्वयंपाकघरातून धाकट्याची बायको हात पुसत दारात येऊन थांबली. धाकटा खुर्चीतून कधी उठला, खोलीच्या मधोमध कधी येऊन उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पडद्याकडे पाठ करून तो वडिलांकडे बघत राहिला.

"अरे, बाजूला हो," अण्णा त्याच्यावर खेकसले. "दिसत नाहीये मला."