खारातल्या कोया

कापडे गावाच्या वरच्या वाडीत रखमा दर वैशाखात परसातल्या रायवळीच्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरायला घालायची. वर दाब म्हणून नदीतला दगड, बरणीच्या तोंडाला फडकं आणि फडक्याच्या गाठीवर ओली माती. माती तडकलेली दिसली, की कुणीतरी हात घातल्याचं कळायचं.

श्रावणात तिने बरणी पुढे ओढली. माती शाबूत होती, तिच्यावर रखमाच्याच अंगठ्याचा ठसा होता. ती फोडून, फडकं सोडून तिने दगड उचलला, तशा खालून कोया वर आल्या. पांढऱ्या, स्वच्छ चोखलेल्या.

"सेजल, डोहाळे लागले तर मागून खायचं गो!" ती पोटुशी असलेल्या सुनेवर खेकसली. "चोरून कशापायी?"

सेजल दारातच थबकली. "मी नाय हात लावला, आई. तुमची माती होती की तशीच."

"तळाला तरी काय उरलंय बघते," असं पुटपुटत रखमाने हात धुतला, पदराला पुसून कोरडा केला आणि कोपरापर्यंत बरणीत घातला.

खार गार लागायला हवा होता. तो कोमट होता.

कोया बाजूला सारत तिची बोटं तळाशी पोचली.

"लागली काय एखादी?" सेजलने विचारलं.

तळातून कुणीतरी रखमाच्या तळव्यावर एक कोय ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.