खिशात मावेल असं

खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूचं टोक गजावर आपटून ठण्णकन वाजलं, तशी क्षिप्राने फोटोंवरची नजर वर उचलली.

"सांग ना," स्क्रीनवरून प्रबोध म्हणाला. "काळं की चंदेरी?"

सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये रविवारची सकाळ होती, प्रबोधकडे ह्यूस्टनला शनिवारची संध्याकाळ. क्षिप्राने चहाचा कप सरकवला आणि लॅपटॉप जवळ ओढला. कॉलच्या बाजूला त्याने पाठवलेले दोन फोटो उघडे होते. दोन्ही रिव्हॉल्व्हरं आखूड नळीची, मुठीत लपतील एवढी.

"चंदेरी छान दिसतंय. ती लाकडी मूठ," ती म्हणाली, आणि आपण असं म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

जिथे बंदुकीच्या आकाराचा लायटरसुद्धा चालत नाही, अशा गावात तिचा संसार झाला होता. खरं हत्यार तिने पाहिलं ते एटीएममध्ये पैसे भरायला येणाऱ्या गार्डच्या कमरेला, तेही चामड्याच्या आड. आणि आता तिला प्रश्नामागून प्रश्न सुचत होते. नीलसाठी बाबागाडी घेताना सुचले होते तसेच.

"याला मागे घोडा दिसत नाही तो?"

"आत झाकलेला आहे. खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून."

"आणि सहाऐवजी पाचच गोळ्या?"

"पाचांची चक्री बारीक होते. खिसा फुगत नाही." तो रंगात आला होता. "पहिले दोन दिवस पँट एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. मग विसरायला होतं."

"तुला काय माहीत?"

"दुकानदार सांगत होता."

"मग दुकानदाराशीच लग्न करायचं होतंस."

तो हसला. रात्री भांडी घासताना एकटाच हसत असेल का हा, असं तिच्या मनात येऊन गेलं.

सगळं तिच्या एका होकारावर अडलं होतं. इथलं जुरोंग आयलंडवरचं काम सोडून प्रबोध वर्षापूर्वी तिकडच्या रिफायनरीत गेला, तेव्हा तिने एकच अट घातली होती: मी हो म्हणेपर्यंत असलं काही घरात येणार नाही. पुढे पहाटेच्या पाळीला जाताना त्याच्या एका सहकाऱ्याला पेट्रोल पंपावर लुटलं, आणि प्रबोध म्हणायला लागला की त्याशिवाय तुम्हा दोघांना इथे कायमचं आणायची माझी हिंमत नाही. ती हो म्हणाली, तर जूनमध्ये ती आणि सहा वर्षांचा नील कायमचे तिकडे जाणार. नाही म्हणाली, तर तो नोकरी सोडून परत येणार. शब्दाचा तो पक्का होता. तिने त्याच्याशी लग्न केलं ते बरंचसं त्यासाठीच.

"आईंना सांगितलंस?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? फोनवरच पंचशील म्हणायला लावेल."

"पहिलंच शील कुठलं ते आठवतंय ना?"

"मी कुणाला मारायला घेत नाहीये गं. एक जवळ बाळगायला. आणि पुढेमागे एखादं जुनं, नुसतं कपाटात ठेवून बघायला. लोक घड्याळं जमवतात तसं."

"मला नको हं एखादं पर्समध्ये."

"तुला देतोय कोण? हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टेबल धरायला पर्स ठेवून भात आणायला जाणारी बाई तू."

तिला हसू आवरेना. पलीकडे जमिनीवर नीलने बोटींचा ताफा मांडला होता. काल पुलाउ उबीन बेटावर जाताना पाहिलेल्या लाकडी बमबोटी आज तो ठोकळ्यांनी बांधत होता. त्याच्या मानेवर उन्हाचा पट्टा पडला होता. तिने आवाज खाली आणला.

"आणि नील?"

"नीलचं काय?"

"त्याच्या हाती लागलं तर?"

प्रबोध या प्रश्नाची वाटच बघत असावा. "एक तर चाप इतका कडक असतो की त्याच्या बोटाला जमणारच नाही. आणि तिजोरी घेणार आहे. आकड्यांचं कुलूप असलेली."

"तिजोरी आधी. मग ते."

"तिजोरी आधी," तो लगेच म्हणाला.

तिने पुन्हा एकदा फोटो पाहिले. खिडकीतून येणारा वारा, खालच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या आज्या, शाळेची बस. हे सगळं सोडायचं. पण पोराने बाप फोनवर किती दिवस बघायचा?

"काळं घे," ती म्हणाली. "चंदेरी चमकेल. लपवायचंच आहे तर चमकणारं कशाला?"

प्रबोधने डोळे मिटले. "म्हणजे हो?"

"हो."

हात हलवून त्याने फोन ठेवला. काळ्याचा फोटो तसाच उघडा राहिला. क्षिप्राला एकदम हलकं वाटलं. नीलला हाक मारून तिने मांडीवर घेतलं.

"आपण बाबांकडे जायचं. कायमचं. आवडेल?"

नील स्क्रीनकडे बघत होता. "हे बाबांचं."

"बाबांचं होणार आहे. अजून घ्यायचंय."

"नो लाह, आहे. आपण डिसेंबरमध्ये गेलो होतो ना, तेव्हा बुटांच्या कपाटात होतं. वर, सॉक्सच्या डब्यात."

तिचा हात त्याच्या केसांत थांबला.

"तू हात लावलास?"

"सो हेवी, आई. एका बोटाने ओढलंच जात नव्हतं. मग मी दोन्ही हातांची बोटं लावली."

"आणि?"

"टक् झालं. मग बाबांचा शॉवर बंद झाला, म्हणून मी ठेवून दिलं." तो तिच्याकडे वळला. डोळ्यांत भीती नव्हती, नुसतं कुतूहल. "आई, अजून एकदा ओढलं असतं, तर परत टक्‌च झालं असतं?"